दहावीनंतर काय? हे ठरवण्याआधी मुलांनी काम ‘बघायला’ का हवं?

दहावीचा निकाल लागतो. घरात पेढे येतात. पेढा अजून तोंडात असतानाच काका, आत्या किंवा शेजारच्या काकू विचारतात, “मग, आता काय? सायन्स ना?”

पुढचे काही दिवस धावपळीचे असतात. कॉलेजांचे कट-ऑफ पाहिले जातात, क्लासची फी विचारली जाते, ओळखीतल्या कुणाची मुलं कशाला गेली याची चौकशी होते. या सगळ्यात एक साधा प्रश्न मात्र राहून जातो. ज्या कामासाठी हे सगळं चाललंय, ते काम या मुलाने किंवा मुलीने कधी डोळ्यांनी पाहिलंय का?

माझंच सांगते. दहावीला टक्के बरे पडले म्हणून मी सायन्स घेतलं. दोन वर्षं इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास केला. त्या दोन वर्षांत मी एकाही इंजिनिअरला काम करताना पाहिलं नाही. पुढे पत्रकारितेकडे वळले, तेव्हा पत्रकारही पाहिलेला नव्हता. म्हणजे पहिला निर्णय अंदाजाने घेतला आणि दुसराही अंदाजानेच. दुसरा जमला, हे नशीब. आणि घरच्यांना दुसऱ्यांदा फी भरणं परवडलं, हे त्याहून मोठं नशीब. ज्या घरात पैसे एकदाच भरता येतात, तिथल्या मुलांना हा अंदाज फार महागात पडतो.

म्हणून ‘दहावीनंतर काय?’ या नेहमीच्या प्रश्नाच्या एक पायरी आधी जाऊया. मुलांना कामाची ओळख कशी होते, ती शाळेत व्हावी म्हणून आजवर काय प्रयत्न झाले आणि आज तुम्ही स्वतः काय करू शकता, ते समजून घेऊ.

मुलांना किती कामं माहीत असतात?

एखाद्या नववीच्या वर्गात जाऊन विचारून बघा, “मोठेपणी काय करणार?” डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, पोलीस, कलेक्टर, क्रिकेटर आणि हल्ली यूट्यूबर. आठ-दहा उत्तरांनंतर तीच तीच उत्तरं पुन्हा येऊ लागतात.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये १५ वर्षांच्या मुलांच्या करिअरच्या अपेक्षांवर एक अहवाल काढला. त्यासाठी २०१८ च्या ‘पिसा’ चाचणीतली ४१ देशांची माहिती वापरली होती. तिशीत आपण कोणतं काम करत असू, या प्रश्नावर ५३ टक्के मुलींनी आणि ४७ टक्के मुलग्यांनी ठरावीक दहा लोकप्रिय कामांपैकीच एकाचं नाव घेतलं होतं. भारत त्या चाचणीत नव्हता, पण चित्र ओळखीचं वाटतं.

आता दुसरी बाजू बघा. भारत सरकारची ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण’ नावाची एक यादी आहे. देशात लोक कोणकोणती कामं करतात, त्याची ही नोंदवही म्हणा. २०१५ च्या आवृत्तीत सुमारे ३,६०० व्यवसाय आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आणि त्या कामात नेमकं काय करावं लागतं याचं वर्णन.

एकीकडे ३,६०० कामं आणि दुसरीकडे वर्गातली आठ-दहा उत्तरं. मुलं यादीतून निवडत नाहीत. जेवढं दिसलं, तेवढ्यातूनच निवडतात.

एक आगार, किती कामं?

नजरेसमोरचंही कसं दिसत नाही, त्याचं उदाहरण म्हणून एसटीचं आगार घ्या. महाराष्ट्रात बहुतेकांनी कधी ना कधी एसटी स्टँड पाहिलेलं असतं. तिथे कोण काम करतं असं विचारलं तर उत्तर येतं, ड्रायव्हर आणि कंडक्टर.

पण कोणती गाडी कधी सुटणार, उशीर झाला तर काय करायचं, हे बघणारा वाहतूक नियंत्रक खिडकीत बसलेला असतो. आत कार्यशाळेत मेकॅनिक इंजिन आणि ब्रेक बघतात. गाडीची वायरिंग बघणारा इलेक्ट्रिशियन वेगळा, पत्र्याचं काम करणारा वेगळा, टायरचं काम बघणारा वेगळा. डिझेलचा हिशेब, सुट्या भागांचा साठा, तिकिटांची रोकड, कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या लावणं, अशी कामं करणारे कर्मचारी कार्यालयात असतात. या सगळ्यांवर आगार व्यवस्थापक. आयटीआय करून आलेले शिकाऊ उमेदवारही अनेकदा इथे दिसतात.

एका कुंपणाच्या आत दहा-बारा वेगवेगळी कामं. प्रत्येकाचं शिक्षण वेगळं, पगार वेगळा, दमणूकही वेगळी. कुणाचे हात दुखतात, कुणाचे डोळे, तर कुणाचं प्रवाशांशी वाद घालून डोकं. आणि ही कामं कोण करतं, तेही बदलतंय. महिला कंडक्टर आता नवीन राहिल्या नाहीत. २०२३ पासून एसटीच्या स्टिअरिंगवरही महिला दिसू लागल्या. एखाद्या मुलीने हे प्रत्यक्ष पाहिलं, तर तिच्या मनातल्या यादीत एक नाव वाढतं. नाही पाहिलं, तर ते काम तिच्यासाठी नसल्यासारखंच.

काम म्हणजे फक्त नोकरी नाही

घरात करिअरची चर्चा होते तेव्हा डोळ्यांसमोर महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार असतो. पण देशातलं चित्र वेगळं आहे. सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात काम करणाऱ्यांचे तीन मोठे गट केले जातात. स्वयंरोजगार करणारे, नियमित पगार घेणारे आणि रोजंदारीवर काम करणारे.

जुलै २०२३ ते जून २०२४ च्या सर्वेक्षणात स्वयंरोजगार करणारे सुमारे ५८ टक्के होते. नियमित पगाराची नोकरी असलेले २२ टक्क्यांच्या आसपास आणि रोजंदारीवरचे साधारण २० टक्के. स्वयंरोजगार म्हटलं की स्टार्टअपवाले डोळ्यांसमोर येतात, पण या गटात शेतकरी, दुकानदार, रिक्षाचालक आहेत. घरच्या शेतावर किंवा दुकानात स्वतंत्र मोबदला न घेता राबणारे कुटुंबीयसुद्धा याच गटात मोजले जातात.

म्हणजे शाळेत शिकणाऱ्या अनेक मुलांना पुढे स्वतःचा हिशेब स्वतः ठेवावा लागणार आहे. दर ठरवणं, उधारी वसूल करणं, कर्जाचा हप्ता भरणं, गिऱ्हाईक टिकवणं या गोष्टी कोणत्याही शाखेच्या पाठ्यपुस्तकात सहजी सापडत नाहीत. त्या बघूनच कळतात. ज्यांच्या घरात दुकान आहे त्यांना त्या आपोआप कळतात, बाकीच्यांना कुणीतरी दाखवाव्या लागतात.

शाळेत ‘कार्यानुभव’ होता की! त्याचं काय झालं?

मराठी शाळेत शिकलेल्या बऱ्याच जणांना ‘कार्यानुभव’ हा विषय आठवत असेल. कागदाची फुलं, भेटकार्डं, आईने करून दिलेलं तोरण आणि वर्षाच्या शेवटी मिळालेली ‘अ’ श्रेणी. या विषयामागचा विचार मात्र कागदी फुलांपेक्षा बराच मोठा होता.

त्याची मुळं १९३७ मध्ये वर्ध्याला सापडतात. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे झालेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षणाची कल्पना मांडली. हीच पुढे ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली. सूतकताई किंवा शेतीचं काम हा वेगळा तास नसावा, तर त्या कामातूनच गणित, विज्ञान, भूगोल शिकावा, असा तो विचार होता.

स्वातंत्र्यानंतर १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग काम करत होता. कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. या आयोगाने शालेय शिक्षणात कार्यानुभव हा अविभाज्य भाग असावा अशी शिफारस केली. शाळेत, शेतात, कार्यशाळेत किंवा कारखान्यात उत्पादक कामात मुलांनी सहभागी व्हावं, असा त्याचा अर्थ होता. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही कल्पना मांडली.

मग फुलं कुठून आली? कारण सोपं आहे. कारखान्यात मुलं न्यायची तर परवानगी हवी, वेळ हवा, सोबत शिक्षक हवेत. शाळेत कार्यशाळा उभारायची तर अवजारं हवीत आणि ती शिकवणारा माणूस हवा. वर या विषयाचे गुण दहावीच्या टक्केवारीत धरले जात नाहीत. अशा वेळी घोटीव कागद आणि डिंक हा सगळ्यात स्वस्त मार्ग असतो. नाव कार्यानुभव राहिलं, अनुभव निघून गेला.

पण सगळीकडे असंच झालं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग स्वतः शास्त्रज्ञ होते, मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून ते इथे आले. तिथून शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम तयार झाला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. वेल्डिंग आणि सुतारकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य असे त्याचे भाग आहेत. महत्त्वाचं म्हणजे मुलं खऱ्या गरजेची कामं करतात. शाळेचं बाक दुरुस्त करायचं असेल तर माप घ्यायचं, साहित्याचा खर्च काढायचा आणि मगच हत्यार उचलायचं. मापात चूक झाली तर बाक डगमगतं. तिथे गुण देणाऱ्याची गरज पडत नाही.

‘काम शिकवा’ म्हणण्यात एक धोकाही आहे

इथे थोडं थांबायला हवं. ‘मुलांना कामाची ओळख करून द्या’ हे ऐकायला छान वाटतं, पण कुणाच्या मुलांना कोणत्या कामाची, हा प्रश्न आपल्या देशात टाळता येत नाही. इथे शेकडो वर्षं काम जातीवरून ठरत आलं आहे.

१९५३ मध्ये तेव्हाच्या मद्रास राज्यात सी. राजगोपालाचारी यांच्या सरकारने प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. मुलांनी दिवसाचा काही वेळ शाळेत शिकायचं आणि उरलेला वेळ घरी आई-वडिलांचा व्यवसाय शिकायचा. पेरियार यांच्यासह अनेकांनी तिला कडाडून विरोध केला. चांभाराच्या मुलाने चांभारकीच शिकावी अशी ही व्यवस्था आहे, असा आक्षेप होता. १९५४ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या के. कामराज यांनी ती योजना मागे घेतली.

यातला धडा आजही लागू आहे. काम दाखवायचं ते मुलांची यादी वाढवण्यासाठी, त्यांना वडिलांच्या यादीत अडकवण्यासाठी नाही. सुताराच्या मुलीला प्रयोगशाळा दिसायला हवी आणि डॉक्टरच्या मुलाला सुताराचा कारखाना. गरीब वस्तीतल्या मुलांना फक्त शिवणकाम आणि मोबाईल दुरुस्ती दाखवली, तर ती ओळख नव्हे, ती वाटणी झाली.

काम बघणं आणि कामाला लावणं यातही फरक आहे. १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामं देता येत नाहीत. भेट म्हणजे बघणं, विचारणं, सोबत कुणीतरी मोठं असताना हात लावून पाहणं. फुकटचा हेल्पर मिळवणं नाही.

नवं शिक्षण धोरण काय सांगतं?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात यासाठी एक ठोस तरतूद आहे. सहावी ते आठवीच्या दरम्यान प्रत्येक विद्यार्थ्याला दहा दिवस दप्तराविना मिळावेत आणि त्या दिवसांत त्याने सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन काम समजून घ्यावं. सहावी ते बारावीच्या मुलांना सुट्टीतही अशी संधी मिळावी, असंही त्यात म्हटलं आहे.

२०२३ च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याने कामाचे तीन सोपे गट केले. पहिला, सजीवांसोबतचं काम, म्हणजे शेती, रोपवाटिका, पशुपालन. दुसरा, यंत्रं आणि वस्तूंसोबतचं काम, म्हणजे सुतारकाम, वायरिंग, शिवणकाम. तिसरा, माणसांच्या सेवेचं काम, म्हणजे रुग्णांची काळजी, स्वयंपाक, दुकानातला व्यवहार. शाखांच्या भाषेपेक्षा ही भाषा मुलांना पटकन कळते. ‘तुला सायन्स आवडतं का?’ यापेक्षा ‘तुला माणसांसोबत काम करायला आवडेल की यंत्रांसोबत?’ या प्रश्नाला तेरा वर्षांचं मूल खरं उत्तर देऊ शकतं.

मग कल चाचणीने भागत नाही का?

महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ मध्ये कल चाचणी सुरू झाली होती. खासगी समुपदेशकही अशा चाचण्या घेतात. त्यांचा उपयोग आहे. स्वतःबद्दल विचार करायला सुरुवात होते आणि घरात बोलायला निमित्त मिळतं.

पण त्यांची एक मर्यादा समजून घ्या. कल चाचणी तुमची आवड विचारते आणि आवड ही माहीत असलेल्या गोष्टींचीच असते. ज्या मुलाने कधी फणस खाल्लाच नाही, त्याला फणस आवडतो का हे विचारून काय कळणार? म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी दहा-बारा कामं बघा, मग चाचणी द्या. उत्तरं जास्त खरी येतील.

दहावीनंतरचे रस्ते बंद होत नाहीत

चुकीची निवड होण्याची भीती एका गैरसमजातून वाढते. दहावीनंतर जो रस्ता घेतला तोच कायमचा, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात रस्ते एकमेकांना मिळतात.

अकरावी-बारावीचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. दुसरा रस्ता पॉलिटेक्निकचा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

तिसरा रस्ता आयटीआयचा. ट्रेडनुसार तिथले बहुतेक कोर्स एक किंवा दोन वर्षांचे असतात. आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं, असं समजू नका. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड पूर्ण केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. म्हणजे आयटीआयतून पॉलिटेक्निक आणि तिथून इंजिनिअरिंगची पदवी, असा जिना उपलब्ध आहे.

चौथी सोय शिकाऊ उमेदवारीची, म्हणजेच अप्रेंटिसशिपची. त्यासाठी १९६१ चा कायदा आहे. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. शिकताना दरमहा विद्यावेतन मिळतं. त्या नियमांत शिक्षणानुसार त्याची किमान रक्कम ५,००० ते ९,००० रुपये ठेवली होती. पण शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नसतो आणि शिकणं संपल्यावर त्याच ठिकाणी नोकरी मिळेलच असं नाही. ‘नंतर कायम करणार का?’ हे आधीच विचारून घ्या आणि उत्तर लेखी मागा.

काम बघायला जाताना काय विचारायचं?

यासाठी शाळेच्या सहलीची वाट बघायची गरज नाही. मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत आठवड्याला एक ठिकाण ठरवा. नात्यातलं, सोसायटीतलं, गावातलं. मेडिकल स्टोअर, रक्त तपासणारी लॅब, फॅब्रिकेशनचं दुकान, दूध संकलन केंद्र, छापखाना, बँकेची शाखा. आधी विचारून जा, गर्दीची वेळ टाळा आणि निदान दोन तास थांबा. पहिला अर्धा तास सगळंच भारी वाटतं, खरं काम नंतर दिसतं.

हे प्रश्न वहीत लिहून न्या:

१. तुमचा दिवस किती वाजता सुरू होतो आणि कधी संपतो?

२. या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता?

३. शाळा-कॉलेजात शिकलेलं काय उपयोगी पडलं आणि काय इथे आल्यावर शिकलात?

४. या कामात नवीन माणसाला सुरुवातीला साधारण किती पैसे मिळतात आणि दहा वर्षांनी किती?

५. मोबाईल, कॉम्प्युटर किंवा नव्या यंत्रांमुळे गेल्या काही वर्षांत काय बदललं?

६. तुमच्या मुलाला किंवा मुलीला हे काम करायला सांगाल का?

सहावा प्रश्न शेवटीच विचारा. त्यावर बरेच जण आधी हसतात, मग थोडं थांबतात आणि मग खरं बोलतात. घरी आल्यावर वहीत दोनच ओळी लिहा. यातलं काय मला रोज करायला चालेल आणि काय अजिबात नाही? ‘नाही’ची यादीही तितकीच कामाची आहे. रक्त बघून चक्कर येते हे नीटच्या क्लासला दोन वर्षं घालवण्याआधी कळलेलं बरं.

पालकांनी आणि शिक्षकांनी काय करावं?

पालकांनी पहिली भेट स्वतःच्या कामाची घडवावी. आई-बाबा दिवसभर नेमकं काय करतात, हे अनेक मुलांना माहीतच नसतं. ‘ऑफिसला जातात’ एवढंच माहीत असतं. शिक्षकांना वर्षातून चार शनिवार मिळाले, तर वर्गातल्याच पालकांना बोलावता येईल. त्यात रिक्षा चालवणारे बाबा आणि बँकेतली आई, दोघांनाही सारखाच वेळ आणि सारखाच चहा मिळायला हवा. मुलं शब्दांपेक्षा हे जास्त लक्षात ठेवतात.

मी इंटर्न म्हणून पहिल्यांदा न्यूजरूममध्ये गेले, तेव्हा पहिल्या आठवड्यात कॅमेऱ्याजवळही गेले नाही. इतरांच्या बातम्यांमधल्या चुका काढणं, नावं तपासणं, आकडे पुन्हा पुन्हा जुळवणं हेच करत होते. कंटाळवाणं होतं. पण तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की हा कंटाळा मला चालतोय. भौतिकशास्त्राच्या गणितांचा चालत नव्हता. हे कळायला मला तीन दिवस लागले, पण ते तीन दिवस आले वयाच्या विसाव्या वर्षी. ते तेराव्या वर्षीही मिळू शकले असते. त्यासाठी फी लागत नव्हती. कुणीतरी “चल, दाखवते” म्हणायला हवं होतं.